परतलेल्या फौजीच्या घरात: पार्श्वभूमी

जवान कामी आला की त्याची बायको सरकारदरबारी वीरपत्नी ठरते. पेन्शन, सवलती, झेंडावंदनाला सत्कार. आणि ते रास्तच आहे. जो हातीपायी धड परतला, त्याच्या बायकोचं काय चाललंय हे मात्र बराच काळ फारसं कुणी विचारलं नाही.

नवऱ्याच्या दुखण्यालाही नाव उशिरानेच मिळालं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’बद्दल लिहिलं: तोफगोळ्याच्या स्फोटातून वाचलेले, पण दृष्टी, वास, चव, आठवण बिघडलेले सैनिक. त्याच डिसेंबरात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या गावी इंग्रजांच्या हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली, त्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, पुढे कैद. जखमेची आणि पदकाची नोंद पलटण ठेवायची. सुटून आलेला माणूस रात्री घरात काय करतो, हे लिहून ठेवायला कोण होतं?

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत पीटीएसडी आला, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर मागे राहणारा आजार. मग डॉक्टरांचं लक्ष शेजारी बसलेल्या बायकोकडे गेलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिग्ली यांनी दुय्यम आघाताची, म्हणजे आघात सोसलेल्या माणसाजवळ राहून जवळच्यालाही तशीच लक्षणं जडण्याची, कल्पना मांडली, १९८२ च्या लेबनॉन युद्धानंतर इस्रायलमध्ये झहावा सोलोमन यांनी सैनिकपत्नींचा अभ्यास केला. क्रोएशियातला २००७ चा अभ्यास छोटा आहे, पण आकडे बोलके आहेत. पीटीएसडीवर उपचार घेणाऱ्या माजी सैनिकांच्या ५६ पत्नींपैकी २२ जणी दुय्यम आघाताच्या निकषात बसल्या. एकही लक्षण नाही अशा फक्त तिघी निघाल्या.

हे होतं कसं, ते बार्शी-मोहोळकडच्या एखाद्या घरात पाहिलं तर चटकन कळेल. जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत पेन्शनीवर येतो. तोवर शेत, सोसायटीचं कर्ज, सासू-सासऱ्यांचं आजारपण बायकोनेच निभावलेलं असतं, मालक सुट्टीपुरते पाहुणे. आता ते कायमचे घरी, आणि झोप लागत नाही. त्यांना उठवायचं तर हलवायचं नाही, दारातून हाक मारायची, हे ती आपसूक शिकते. गावच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री ती आधीच खिडक्या लावून घेते, पोरांना दटावते. कँटीनची रम किती उरली यावरही तिचा डोळा. सतत कानोसा घेता घेता तिचीच झोप उडते, छातीत धडधडतं, माहेरी जाणं तुटतं. लोक म्हणतात, मिलिटरीवाला तापटच असायचा! फार झालं तर बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकतात. नवऱ्याच्या दुखण्याला शिस्तीचं नाव दिलं, की बायकोचं दुखणं कुरकुर ठरतं.

२००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे आणि त्यात पत्नीलाही उपचार मिळतात. पण ती जाते बीपी-शुगरला, पाठदुखीला. झोपेचं ती सांगत नाही, आणि गोळ्या लिहून देणाऱ्यालाही विचारायला सवड नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. फोन नवऱ्यानेच करावा असं काही नाही. तिने स्वतःसाठी केला तरी चालतो.