क्षयरोग : ग्रामीण विदर्भातील प्रसार व नियंत्रण

‘मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस’ या जंतूमुळे होणारा, मुख्यतः फुप्फुसांचा संसर्गजन्य रोग. प्रस्तुत नोंद विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील ग्रामभागापुरती आहे. बोलण्यात सर्वत्र ‘टीबी’ हाच शब्द रूढ असून ‘क्षय’ हा सरकारी फलकांवर आणि जुन्या माणसांच्या तोंडी उरला आहे.

रोगाचे भारतातील प्राचीनत्व ‘राजयक्ष्मा’ या शब्दावरून सांगण्याची प्रथा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त १६१) तो ‘अज्ञातयक्ष्मा’ या शब्दाच्या जोडीने येतो. तथापि वैदिक वाङ्मयात ‘यक्ष्म’ हे शरीर झिजवणाऱ्या रोगाचे सर्वसाधारण नाव दिसते. तेवढ्यावरून आजच्या क्षयाची निश्चिती करणे धाडसाचे ठरेल. चरकसंहितेतील (सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक) खोकला, ज्वर व रक्त पडणे हे वर्णन अधिक जुळते. तेथे साहस (शक्तीबाहेरचे कष्ट), वेगसंधारण (मलमूत्रादींचे वेग रोखणे), क्षय (येथे शरीरातील धातूंची झीज) व विषमाशन (आहारातील बिघाड) अशी चार कारणे दिली आहेत. जंतूची कल्पना त्यांत नाही. मात्र यांपैकी साहस आणि विषमाशन ही दोन कारणे आजच्या वैदर्भीय मजुराला तंतोतंत लागू पडतात. रोगजंतूचा शोध रोबेर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला.

विदर्भाच्या खेड्यांत रोग केव्हा शिरला, याविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार तो मूळचा शहरी रोग. आगगाडी (नागपूरपर्यंत १८६७) आणि कापडगिरण्या (नागपूरची एम्प्रेस मिल, १८७७) आल्यावर गावी परतणाऱ्या कामगारांबरोबर तो खेड्यांत पोचला. दुसऱ्या मतानुसार तो तेथे आधीपासूनच होता, त्याची नोंद तेवढी नव्हती. गावातील मृत्यू कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूंच्या नोंदवहीत) चढत. कारण लिहिणारा वैद्य नसे आणि बहुतेक मरणे ‘ताप’ या एकाच सदरात जात. खंगून मेलेल्या माणसाचा क्षय त्यात बुडाला असल्यास नवल नाही. १९५५–५८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरे व खेडी यांतील रोगाचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. पाहणीच्या सहा विभागांत विदर्भ नव्हता (हैदराबाद हा सर्वांत जवळचा), म्हणून तिचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गिरण्यांमुळे रोग वाढला असेल; त्यांच्यामुळेच तो आला असे म्हणवत नाही.

प्रसार : रुग्ण खोकताना हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून जंतू पसरतात. जंतू शरीरात शिरलेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांनाच पुढे केव्हातरी रोग होतो. तो कोणाला व्हायचा, हे कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, बिडी व दारू यांवर बरेच अवलंबून असते. खडी फोडण्याच्या कामात सिलिकायुक्त धूळ छातीत बसते, तिची त्यात भर पडते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्या सुमारे ६४ टक्के लोकांनी कोठेही उपचार घेतलेले नव्हते. खोकला अंगावर काढण्याची सवय ही गरिबाची सवय आहे. दवाखान्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

नियंत्रण : घरी राहून घेतलेले औषध आरोग्यधामातील उपचाराइतकेच गुणकारी असते, हे मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवले. १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. समक्ष गोळी देण्याची ‘डॉट्स’ पद्धत १९९७ पासून विस्तारत २००६ मध्ये देशभर पोचली, तर रोजच्या मात्रेची पद्धत २०१७ मध्ये आली. बेडका तपासणीला सूक्ष्मदर्शकाबरोबर आता जंतूची जनुके ओळखणारी सीबीनॅट व ट्रूनॅट ही यंत्रे आहेत. बेडक्याची डबी देणे, गोळ्या पोचवणे आणि घरच्यांची समजूत घालणे हे काम बहुतांशी आशाताईंच्या अंगावर पडते.

झारखंडमधील एका चाचणीत (निष्कर्ष २०२३) रुग्णाच्या घरातील प्रत्येक प्रौढ माणसाला दरमहा ५ किलो तांदूळ व दीड किलो तूरडाळ दिली गेली. त्या कुटुंबांत नव्या रोग्यांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. तूर पिकवणाऱ्या विदर्भाने हा आकडा विशेष लक्षात घ्यावा. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत; नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले.

उपचार किमान सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते आणि नेमके तेव्हाच बिऱ्हाड हलते. मेळघाटातील कोरकू कुटुंबे कामासाठी खाली उतरतात ती होळीला परततात. गडचिरोलीकडील मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. औषध अर्धवट सुटले की त्याला दाद न देणारा क्षय उद्भवण्याचा धोका असतो. अशा रुग्णाला अहवालांत पूर्वी ‘डिफॉल्टर’ म्हणत. कर्ज थकलेल्या शेतकऱ्यालाही बँक हाच शब्द लावते, आणि दोन्ही ठिकाणी तो अन्यायकारक आहे. निक्षय या सरकारी नोंदणीत रुग्णाला मिळणाऱ्या क्रमांकावरून आता परगावीही औषध मिळू शकते. मात्र आजार कळला तर मुकादम कामावरून काढील, या भीतीने तो क्रमांक लिहिलेली चिठ्ठी कित्येकदा गाठोड्यातच राहते.