४१ हर्ट्झची रोजीरोटी

आपल्या घरातल्या विजेलाही एक पट्टी आहे. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे ५० हर्ट्झ. पेटीवरची पांढरी पाच सप्तकामागून सप्तक खाली नेत गेलं तर ती ४९ हर्ट्झला पोचते. म्हणजे वीज पांढरी पाचमध्येच गाते, फक्त अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतकी चढी. बास गिटार वाजवून पोट भरणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. गोव्यातल्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, एखाद्या जत्रेत ऑर्केस्ट्रा लागतो, मंचामागे जनरेटर धडधडत असतो, अर्थिंगच्या नावाने आनंद असतो आणि गिटारची वायर जोडताक्षणी स्पीकर गुणगुणू लागतो. बासवाल्याच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला नेमकी हीच पांढरी पाच असते. त्या पट्टीतलं गाणं असेल तर रात्रभर एक बेसूर साथीदार सोबतीला.

हा पाहुणा आत शिरतो पिकअपमधून. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेढ्यांतून जाणारं चुंबकक्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. पण वेढ्याला कुठलं क्षेत्र तारेचं आणि कुठलं शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं हे कळत नाही. म्हणून १९५७ साली फेंडर या अमेरिकन कंपनीच्या प्रिसिजन बासमध्ये पिकअपचे दोन तुकडे केले गेले, एकाचे वेढे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकींना खाते, तारेचा आवाज मात्र शिल्लक राहतो. हीच युक्ती पुढे डीआय बॉक्स नावाच्या डबीत परत भेटते. ही डबी गिटारचा नाजूक संकेत दोन तारांत उलटसुलट करून मिक्सरकडे पाठवते, त्यामुळे वाटेत चिकटलेला गोंगाट मिक्सरपाशी वजा होतो. तिच्यावर जमिनीची जोडणी तोडणारा एक छोटा खटकाही असतो. अनुभवी बासवाला स्वतःची डीआय सोबत बाळगतो ती यासाठी. प्लगची अर्थिंगची पिनच काढून गुणगुण घालवणारे महाभाग अजून भेटतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की तो आवाजाचा नव्हे, जिवाशी खेळ आहे.

आता तारेकडे वळू. बासच्या चार तारा खालून वर पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच अशा लावतात. सर्वांत खालची ४१ हर्ट्झ, गिटारच्या जाड तारेपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो. एक सप्तक उतरायचं तर लांबी दुप्पट करा, नाहीतर ताण चौथाई करा, नाहीतर दर सेंटिमीटरचं वजन चौपट करा. लांबी दुप्पट केली तर हात पोचत नाही, ताण चौथाई केला तर तार लोंबकळते. लिओ फेंडरने १९५१ मध्ये ३४ इंचांवर तडजोड केली आणि उरलेलं काम वजनावर सोडलं. पोलादी गाभ्यावर पुन्हा तार गुंडाळून जाडी अडीच मिलिमीटरच्या पुढे नेली. चार तारांची ओढ मिळून ७०-८० किलोच्या घरात जाते, आणि ती सगळी सोसते लाकडाची मान.

गोव्यात ही मान जून महिन्यात बोलू लागते. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि रेषांना आडव्या दिशेने फुगतं. मॅपलची मान आणि तिच्यावर चिकटवलेली शिसवाची पट्टी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, म्हणून बाक बदलतो. एप्रिलमध्ये लोण्यासारखी चालणारी बास चतुर्थीपर्यंत कुठल्यातरी पडद्यावर खडखडू लागते, किंवा तारा इतक्या उचलल्या जातात की बोटं दुखतात. मानेच्या पोटात एक पोलादी सळई असते, अ‍ॅलन कीने ती पाव फेरा फिरवायची, मग एक दिवस थांबायचं. लाकूड घाईने ऐकत नाही. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि तरीही अस्तरावर बुरशी, हे इथल्या वादकांना नवं नाही.

तारांचं दुखणं वेगळं. गुंडाळीच्या खाचांत घाम, कातडीचा भुगा आणि खारी हवा साठते, तार गंजते. तार तुटत नाही, पण तिचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर, मरतात आणि आवाज धब्ब होतो. तारा महाग असल्याने अनेक जण त्या काढून पाण्यात उकळतात. मळ सुटतो, काही दिवस चकाकी परत येते, गंज मात्र तसाच. उलट मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसत असं सांगतात. त्यांना तो धब्ब आवाजच हवा होता, तेव्हा जुनी तार वाईटच असं नाही.

वरच्या स्वरांशांना इतका भाव का द्यायचा, काम तर खर्जाचं आहे ना? इथेच या धंद्यातली सगळ्यांत मजेची गोष्ट आहे. बासचा जो खर्ज आपण ऐकतो, त्यातला बराचसा कानात पोचतच नाही. १००० हर्ट्झचा आवाज जेमतेम दोन-तीन डेसिबलला ऐकू येतो, ४० हर्ट्झचा ऐकू यायला पन्नासच्या आसपास लागतात. मग मेंदू हिशेब करतो. ८२, १२३, १६५ असे स्वरांश एकत्र आले की त्यांचा मूळ सूर ४१ असणार हे तो ताडतो आणि तोच सूर आपल्याला ऐकवतो, मूळ ४१ नसला तरी. मोबाइलच्या टीचभर स्पीकरमधून बासची चाल कळते ती याच कृपेने. मोठमोठ्या मैफलींत दिसणारा अँपेग कंपनीचा आठ स्पीकरांचा खोकाही ६० हर्ट्झच्या खाली ढिला पडतो, आणि कुणाची तक्रार नसते. म्हणून चांगला बासवाला टोन लावताना खालचा नॉब पूर्ण उघडत नाही. नवखा उघडतो, आणि मग ढोलकी, ऑक्टोपॅड, घुमट यांच्या गर्दीत त्याचा सूरच सापडत नाही.

खालचा सूर महागही पडतो. एक सप्तक उतरून तितकाच दाब निर्माण करायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावं लागतं, त्यामुळे शक्ती जास्त आणि खोका मोठा. १९६९ चा अँपेग एसव्हीटी हा ३०० वॉटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर एकटाच चाळीस किलोच्या जवळ भरतो. आजचे क्लास डी जातीचे अँप्लिफायर तेवढीच किंवा जास्त शक्ती दोन-तीन किलोंत देतात, कारण त्यांचे ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद राहतात आणि उष्णतेत फारशी वीज घालवत नाहीत. स्कूटरवरून कार्यक्रमाला जाणाऱ्या बासवाल्यासाठी गेल्या काही दशकांतला सर्वांत उपयोगी शोध मी हाच मानतो.

एक गैरसमज इथेच मोडून काढू. ४१ हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, म्हणून ती तयार व्हायला तेवढी जागा लागते असं कलाकारही सांगतात. तसं असतं तर हेडफोनमध्ये खर्ज ऐकूच आला नसता. खोली त्रास देते तो वेगळ्याच कारणाने. चौदा फूट लांबीच्या खोलीत ही लाट नेमकी अर्धी बसते. भिंतींपाशी दाब सर्वाधिक, मधोमध जवळजवळ शून्य. खोलीच्या मध्ये बसून रियाज करणाऱ्याला आपली जाड तार नीट ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो, आणि भिंतीला टेकून बसलेल्या आजी वैतागतात.

उघड्यावर याहून मोठं राजकारण आहे. हवा उंच स्वर शोषून घेते, खर्ज मात्र किलोमीटरला एक डेसिबलही गमावत नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, तेव्हा आवाज वर निसटण्याऐवजी खाली वाकतो. म्हणून डिसेंबरात मांडवी नदीच्या एका काठावरचा बास पल्याड पोचतो, गाण्याचे शब्द पोचत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरच्या लाउडस्पीकरवर बंदी आणली, आणि वस्तीतली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली. पण मोजणी ‘ए’ पट्टीवर होते. ही पट्टी कानाच्या सवयीप्रमाणे खर्जाला सूट देते, ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल, ४० ला जवळपास ३५. मीटर म्हणतो सगळं ठीक, आणि शेजाऱ्याच्या खिडकीची तावदानं थरथरत असतात. माझ्या मते शेजारी खरा आहे आणि मीटर अपुरा. खर्जाला फारशी सूट न देणारी ‘सी’ पट्टी त्याच यंत्रात बहुधा असते, ती वापरायला हवी. काणकोणात पाळोळ्याच्या किनाऱ्यावर यावर हेडफोन पार्ट्यांचा तोडगा निघाला. शेजारी झोपतात, पण छातीवर बसणारा खर्ज हेडफोनमधून येत नाही.

मोसम ऑक्टोबर ते मार्च. हॉटेलं, लग्नं, नाताळ, कार्निव्हल. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत ख्रिस्ती लग्नं सहसा नसतात, पुढे पाऊस. मधल्या दिवसांत शिकवण्या, रेकॉर्डिंग, तियात्र या कोंकणी संगीत नाटकांचा बँड. मंचावर बासवाला उभा असतो ड्रमरच्या हाय-हॅटला खेटून, त्यामुळे त्याचा कान जातो तो स्वतःच्या खर्जाने नव्हे, शेजारच्या झांजांनी. गोंगाटाने येणारं बहिरेपण बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. सगळे स्वर सारखेच कमी करणारे कानातले बूच मिळतात, पण ते घातलेले वादक कमीच दिसतात.

पोटावर पाय येतोय तो मात्र तयार ट्रॅकचा. गायक, कीबोर्ड आणि लॅपटॉप एवढ्यात काम भागतं, मग चौथ्या माणसाला पैसे कोण देणार? याला उत्तर देणारा एक प्रयोग आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांपैकी एक किंचित लवकर आला तर मेंदू खालच्या स्वराची चूक जास्त ठळकपणे पकडतो, आणि बोटाने धरलेला ठेकाही खालच्या स्वराच्याच मागे जातो, असं दिसलं. लग्नात मसाला, म्हणजे नाचाच्या कोंकणी गाण्यांची सलग माळ, सुरू झाला की पाय बासच्या मागे जातात ते यामुळे. नाचणारे रंगात आले, नवरीच्या मामाने हात वर करून आणखी एक फेरी मागितली, तर बासवाला आणि ड्रमर एकमेकांकडे बघतात आणि तीच चाल फिरवत राहतात. ट्रॅकवर गाणाऱ्यांना शेवटचं कडवं संपलं की थांबावं लागतं, मामा थांबो न थांबो.