ठोकळे, पुठ्ठे आणि 25 दिवे

मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग शिकवणारा तळहाताएवढा बोर्ड, पहिल्यांदा हातात आलेलं पोर बहुधा बदामच काढतं. संगणकाच्या पडद्यावर 5 बाय 5 चौकटी. जी भरली, तेवढा दिवा बोर्डावर लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात मागावर आयुष्य काढलेल्या एखाद्या आजोबांना हे दाखवा. ते म्हणतील, हा तर आमचा ग्राफ!

खरंच आहे ते. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उतरतो, मग भोकं होऊन पुठ्ठ्यांवर. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि हूक ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो. भोक नसेल तिथे धागा खालीच. एक पुठ्ठा म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी. पुठ्ठ्यांची माळ फिरत राहिली की मोरामागून मोर विणला जातो. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास घडलेल्या या युक्तीला आपण जकार्ड म्हणतो. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. म्हणजे उसनवारी संगणकाने केली, मागाने नव्हे. आमच्या गावात हे पोरांना कुणी सांगत नाही.

मुलांसाठीचं प्रोग्रामिंग त्या मानाने कालचं. 1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आदींनी लोगो भाषा आणली. पुढे तिच्यात रेघा काढणारं कासव आलं. त्याला पुढे जा, वळ असं सांगायचं. पण आज्ञा टाइप करावी लागे. एक अक्षर चुकलं की कासव जागचं हलेना. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या स्क्रॅच या भाषेने ती कटकट संपवली: आज्ञांचे रंगीत ठोकळे, खाच जुळली तरच बसणारे.

बोर्डाचं कूळ वेगळं. 1981 मध्ये बीबीसीसाठी एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा संगणक बनवला. 1984 च्या ‘क्लास’ या शालेय संगणक योजनेतून तो भारतातल्या काही शाळांतही पोचला. मायक्रोबिट हा त्याचाच नातू. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे 10 लाख विद्यार्थ्यांना तो फुकट वाटला गेला. आकार 4 बाय 5 सेंटिमीटर, बटणं 2, दिवे 25. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंग आणलं.

मोर मात्र 25 दिव्यांत मावत नाही. मग दोन चित्रं करायची, पिसारा मिटलेला आणि फुललेला, आणि ती ‘कायम’च्या, म्हणजे आतलं सगळं पुन्हा पुन्हा करत राहणाऱ्या, ठोकळ्यात एकामागे एक अडकवायची. मिटला, फुलला, मिटला, फुलला. केबल काढेपर्यंत माळ फिरत राहते.