रात्री बारानंतरचे इंदूर: किल्ली कोणाकडे?

इंदुरात रात्री साडेअकराच्या सुमारास एखाद्या ठेक्यासमोर, म्हणजे दारूच्या दुकानासमोर, उभे राहून पाहावे. शटर कमरेपर्यंत उतरलेले असते. आतला पोऱ्या वाकून बाटली देतो, बाहेरचा वाकून नोटा. पोलिसांची गाडी वळणावर दिसली की शटर धाडकन खाली. या सगळ्यात नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा, माणूस मात्र कुठेच दिसत नाही. रस्त्यावर कागद टाकला तर दंडाची पावती फाडणारे हेच निगम, मग दारूच्या दुकानासमोर ते गप्प का, असे रामबागेतल्या कट्ट्यावर नेहमी विचारले जाते. निगम गप्प नाही; ती सत्ता राज्याच्या आबकारी, म्हणजे दारूच्या कर-परवान्यांच्या, खात्याकडे आहे; निगमच्या हाती ती कधी आलीच नाही.

‘आबकारी’ हा शब्द फारसीतून आला आणि दरबारात तो महसुलाचा शब्द म्हणून रुजला. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा. तो लिलावात मक्तेदाराला द्यायचा आणि पैसा खजिन्यात भरून घ्यायचा, अशी ती रीत. कलालीत, म्हणजे गुत्त्यात, कोण किती पितो यापेक्षा मक्ता किती उतरला याची काळजी जास्त. होळकरांच्या राजवटीत 1870 मध्ये इंदूरला नगरपालिका आली. तिच्या वाट्याला दिवाबत्ती, झाडलोट, पाणी असली कामे आली. त्यातच इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या हद्दीत होळकरांचा कायदा चालत नसे, आणि महूच्या कँटोन्मेंटचा कारभार आणखी निराळा. म्हणजे ‘हे कोणाच्या हद्दीत येते?’ हा इंदूरकरांचा आवडता प्रश्न तेव्हापासूनचाच.

1948 मध्ये होळकर आणि शिंद्यांची संस्थाने ‘मध्य भारत’ या नव्या राज्यात विलीन झाली. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेरची समजूत काही मोठी कार्यालये तिथेच ठेवून घातली गेली. राज्याच्या आबकारी आयुक्तांचे मुख्यालय अजून ग्वाल्हेरच्या मोतीमहालात आहे. इंदूरच्या विजयनगरमधल्या बारचे दोर शिंद्यांच्या जुन्या वाड्यातून हलावेत, हे होळकरांच्या गावाला थोडे बोचणारच! कायदाही उसना: 1915 चा, मध्य प्रांताचा. इंदूर त्या प्रांतात कधी नव्हतेच, पण आज चालतो तो हाच.

या कायद्याखाली रेस्टॉरंटच्या बारला एफएल-2 (एफएल म्हणजे फॉरेन लिकर), हॉटेलच्या बारला एफएल-3, क्लबला एफएल-4 आणि लग्नसमारंभासारख्या एका दिवसासाठी एफएल-5 असे परवाने मिळतात. परवान्याचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. बारमध्ये विक्री साडेअकरापर्यंत आणि पेला रिकामा करायला बारापर्यंत, असा नियम. मतदानाच्या वेळी ड्राय डे लावायचा तर आदेश कलेक्टरचा. आवाज रात्री दहानंतर वाढला की मामला पोलिसांचा. इंदुरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय पद्धत आहे. निगम येते ते मागच्या दाराने: नकाशा मंजूर आहे का, गच्चीवर बेकायदा शेड टाकली का, पार्किंगच्या जागेत किचन थाटले का, आग विझवायची सोय आहे का. पण सील लागते ते बांधकामाला. परवाना जागेवरच राहतो.

मोठे फेरफार भोपाळहून आले. 1 एप्रिल 2023 पासून दुकानाला लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, राज्यभर बंद झाले. अडीच हजारांहून अधिक होते ते. उमा भारतींनी त्यासाठी मोठे रान उठवले होते. शाळा, वसतिगृहे आणि देवळांपासूनचे अंतरही 50 मीटरवरून 100 वर गेले. अहाता बंद झाला, पिणारा मात्र घरी गेला नाही. तो गाडीत बसला. डॅशबोर्डवर शेवेची पुडी, दारात प्लॅस्टिकचे ग्लास, आणि सकाळी ते गोळा करायला निगमचीच गाडी.

सप्टेंबर 2022 मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गाच्या, साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दुकाने चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली. आयटीच्या पोरांना रात्री दोनला पोहे मिळावेत, असा साधा विचार. बारला ही मुभा नव्हती, पण झिंगून आलेल्यांना पोह्याच्या गाडीवर कोण अडवणार? भांडणांचे व्हिडिओ फिरू लागले, ओरड झाली आणि जुलै 2024 मध्ये मुभा गेली. माझ्या मते तिथे पोह्यांना उगाच शिक्षा झाली.

सराफ्याची, म्हणजे इंदूरच्या सराफ बाजाराची, गोष्ट याच्या अगदी उलट. सोन्याची दुकाने मिटली की त्यांच्याच ओटल्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी मांडली जाते. गर्दी असली की चोराची भीती नाही, म्हणून सराफांनीच ही मंडळी बसवून घेतली, असे जुने लोक सांगतात. इथे आधी वहिवाट आली, नियम मागाहून. अलीकडे गॅसच्या टाक्यांच्या धोक्यावरून सराफांनीच तक्रार केली, तेव्हा निगमला यादी करत बसावे लागले.

आणि एका ठिकाणी नगरपालिकेची निदान सीमारेषा तरी दारूच्या कामी आली. 24 जानेवारी 2025 ला महेश्वरला, अहिल्याबाईंच्या गावी, मंत्रिमंडळ बसले आणि 1 एप्रिलपासून 19 धार्मिक गावांच्या हद्दीत दारूविक्री बंद झाली. 47 दुकाने गेली. उज्जैनमध्ये तर नगर निगमची अख्खी हद्दच त्यात आली. काळभैरवाला मात्र नैवेद्य दारूचाच लागतो. देवळाबाहेरचे काउंटर बंद झाले, नैवेद्य चालूच आहे. भाविक बाटली हद्दीबाहेरून घेऊन येतात.