मिटलेला विषय पुन्हा काढताना

गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे पावसाळा उतरणीला लागला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि नवी मुंबईत वाशीपासून खारघरपर्यंत रविवारी सकाळी सोसायट्यांच्या आवारात खुर्च्या मांडलेल्या दिसतात. पार्किंगचे वाटप, गच्चीची गळती, पुनर्विकास यांपैकी एखादा विषय कुणीतरी काढतो आणि लगेच मागच्या रांगेतून आवाज येतो, "अहो, हे मागेच ठरलंय. आता पुन्हा कशाला?"

विषय काढणारा कधी नुकताच फ्लॅट घेऊन राहायला आलेला असतो, तर कधी मागच्या ठरावाच्या वेळी ज्याचे म्हणणे पडले तो असतो. तिसराही एक असतो, ज्याच्या हाती खरोखर नवी माहिती आलेली असते. या तिघांना एकाच वाक्यात गप्प करणे मला अन्यायाचे वाटते. ठरलेली गोष्ट पुन्हा केव्हा काढावी, कुणी काढावी आणि काढताना सोबत काय आणावे, यावर माणसांनी फार पूर्वीपासून विचार केलेला आहे. आपल्या सोसायट्यांचे नियम त्या विचाराचेच वारस आहेत.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत एक तरतूद आहे: सर्वसाधारण सभेने केलेला ठराव रद्द करणारा नवा ठराव, मूळ ठरावाला सहा महिने झाल्याशिवाय सभेपुढे आणता येत नाही. कारण सरळ आहे. महिन्याभरात पुन्हा सभा बोलवायची, गैरहजेरीचा फायदा घ्यायचा आणि निर्णय फिरवायचा, असे होऊ नये. पण सहा महिन्यांनंतर दार उघडते, हेही तोच नियम सांगतो. समितीवरची मंडळी पहिला अर्धा भाग पाठ ठेवतात आणि दुसरा विसरतात.

याच धर्तीचा नियम संसदेतही आहे. लोकसभेच्या नियम 338 प्रमाणे सभागृहाने ज्या प्रश्नावर निर्णय दिला, तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा प्रस्ताव म्हणून आणता येत नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये या प्रथेची नोंद 2 एप्रिल 1604 ची आहे. मार्च 2019 मध्ये ब्रेक्झिटचा करार पुन्हा मतदानाला आणण्यावरून वाद झाला, तेव्हा सभापती जॉन बर्को यांनी त्याच नोंदीचा आधार घेतला होता. अमेरिकेत लष्करी अभियंता हेन्री रॉबर्ट यांनी 1876 मध्ये सभांच्या कामकाजाची नियमावली छापली. त्यांनी फेरविचाराचा प्रस्ताव मांडण्याचा हक्क जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यांनाच दिला. मत बदललेल्या माणसाने विषय काढला तर त्यात काही नवे असण्याची शक्यता जास्त, असा त्यामागचा विचार. मला ही युक्ती आवडते. आपल्याकडे ती नियमात नसली तरी सभ्यता म्हणून पाळण्याजोगी आहे.

आपली स्वतःची परंपरा मात्र याहून जुनी आणि जास्त भरीव आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या प्राचीन शास्त्रग्रंथात, वादात हार ठरवणारी 22 निग्रहस्थाने सांगितली आहेत, त्यांत 'पुनरुक्त' हे एक. तेच तेच पुन्हा बोलणारा हरला असे समजावे; मात्र काही प्रयोजनाने केलेली उजळणी दोष नाही, ही सूट त्याच सूत्रात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत चुकीने निकाली काढलेला दावा राजाने पुन्हा तपासावा आणि चूक आढळली तर निकाल देणारे न्यायसभेचे सभ्य व जिंकलेला पक्ष यांना दंड करावा, असे म्हटले आहे. लगेच पुढे उलट बाजूही आहे: न्यायाने हरलेला माणूस 'मी हरलोच नाही' म्हणत परत आला आणि पुन्हा हरला, तर त्याच्याकडून दुप्पट दंड घ्यावा. दार बंद नव्हते, पण विनाकारण ठोठावणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागे.

मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यांत हे सगळे प्रत्यक्ष घडताना दिसते. पाटीलकीचा किंवा देशमुखीचा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदार व जाणत्या मंडळींच्या सभेपुढे, आला की आधी दोन्ही पक्षांकडून निकाल मान्य राहील अशी लेखी कबुली आणि जामीन घेत. मग प्रत्येकाचा करीना, म्हणजे हकीकत, लिहून घेतली जाई. साक्षी होत, जुने कागद पाहिले जात. निवाडा झाला की महजर, म्हणजे निवाड्याचा दस्तऐवज, लिहिला जाई. त्यात हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत, पाटलाचा नांगर, व्यापाऱ्याचा तराजू अशा. जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरी, हरणाऱ्याला गुन्हेगारी, म्हणजे दंड, द्यावी लागे आणि शिवाय तो येजितखत लिहून देई: मी हरलो, यापुढे या वतनावर माझा दावा नाही.

तरीही तंटे पुन्हा उभे राहत, कधी पिढ्या उलटून गेल्यावर. गोत पक्षपाती होते, अमुक कागद दडपला होता, अशा तक्रारी घेऊन लोक वरच्या दरबारी जात आणि मनसुबी, म्हणजे वादाची चौकशी व निवाडा, दुसऱ्या ठिकाणी नव्याने होई. त्या वेळी जुना महजर वाचला जाई. आधी कोण काय म्हणाले होते, कोणता पुरावा तेव्हा पुढे आला होता, हे समोर असल्यामुळे नवे काय आणि शिळ्या कढीला ऊत कोणता, हे ठरवता येत असे.

ब्रिटिशांनी आणलेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ही गोष्ट कलमांत बांधली. 1908 च्या संहितेचे कलम 11 म्हणते की त्याच पक्षांमधला, एकदा अंतिमतः निकाली निघालेला प्रश्न पुन्हा चालवता येत नाही. पण आदेश 47 पुनर्विलोकनाची वाट ठेवतो. पुरेशी खटपट करूनही तेव्हा हाती न आलेला महत्त्वाचा पुरावा आता मिळाला असेल, किंवा निकालात उघड दिसणारी चूक असेल, तर फेरविचार होऊ शकतो.

हाच निकष आपल्या सोसायट्यांना लावून पाहावा. 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याप्रमाणे बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) संस्थेच्या नावे करून द्यायचे असते. ठाण्यात कितीतरी संस्थांना ते वर्षानुवर्षे मिळाले नव्हते, आणि 'बिल्डर सही देत नाही' म्हणून विषय बासनात गेला होता. 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्स) सोय झाली आणि बिल्डरच्या सहीवाचून मार्ग निघाला. तेव्हा हा जुना विषय पुन्हा काढणारा सभासद सभेचा वेळ खात नव्हता, संस्थेचे भले करत होता. पुनर्विकासाचेही तसेच. राज्य सरकारची 3 जानेवारी 2009 ची मार्गदर्शक तत्त्वे 4 जुलै 2019 ला बदलली. त्याआधी बारगळलेला प्रस्ताव त्यानंतर पुन्हा मांडणे अगदी रास्त. फेब्रुवारी 2024 मध्ये छतावरच्या सौर विजेसाठी पीएम सूर्यघर योजना आली आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट 18,000 रुपये अनुदान जाहीर झाले. 'सोलर परवडत नाही' हा जुना ठराव त्यानंतर एकदा तरी तपासायला हवा. याउलट, आपल्याला खांबाजवळचे पार्किंग मिळाले म्हणून दरवर्षी सोडत रद्द करा म्हणणाऱ्याकडे नवे काहीच नसते.

अडचण आपल्या इतिवृत्तांत आहे. बहुतेक वह्यांत 'चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक' एवढेच असते. चर्चेत काय बोलले गेले, कोणते कोटेशन समोर होते, विरोध कुणी आणि का केला, याचा मागमूस नसतो. मग पाच वर्षांनी आलेल्या माणसाला आपला मुद्दा नवा की जुना हे कळणार कसे? तीनशे वर्षांपूर्वीचे गावकरी महजरात दोन्ही बाजू लिहून ठेवत, आणि आपण संगणकावर टाइप करूनही कारणे गाळतो, याची मला खंत वाटते. कारणे लिहिलेली असती तर निम्मे जुने विषय निघालेच नसते, आणि उरलेले निम्मे योग्य तऱ्हेने निघाले असते.

सहकार कायद्याने सभासदाला सभेच्या इतिवृत्ताची वही संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क दिलेला आहे. जुना विषय काढायचा असेल तर आधी ती वही मागावी, ठरावाची तारीख टिपावी आणि त्यानंतर काय बदलले ते सेक्रेटरींना पत्राने कळवावे. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात तो घुसवू नये. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी निघते. पत्र त्याआधी पोहोचले तर विषय अजेंड्यावर येतो, आणि ज्यांनी मूळ ठरावाला मत दिले होते तेही आपले कागद घेऊन सभेला येऊ शकतात.