पार्श्वभूमी : पोलंडच्या जुन्या सत्ताधाऱ्यांचं पुढे काय झालं?

४ जून १९८९. पोलंडच्या मतदारांना मतपत्रिकेवरच्या नको असलेल्या नावांवर काट मारायची होती, आणि ती त्यांनी मनापासून मारली. सत्ताधारी कम्युनिस्टांनी ३५ बड्या नावांची वेगळी राष्ट्रीय यादी केली होती. समोर प्रतिस्पर्धी नाही, फक्त निम्म्याहून अधिक मतं हवीत. तरी ३३ जण पडले, पंतप्रधान राकोव्स्कीसुद्धा. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा ‘सॉलिडॅरिटी’ या विरोधी कामगार संघटनेने नेल्या.

पण जुनी फळी तोवर हात-पाय हलवू लागली होती. कारखान्याचा संचालक असो की वृत्तपत्राचा संपादक, महत्त्वाची नेमणूक कम्युनिस्ट पक्षाच्या संमतीशिवाय होत नसे. अशा पदांवरची ही मंडळी म्हणजे ‘नोमेनक्लातुरा’. डिसेंबर १९८८ मध्ये उद्योगमंत्री विल्चेक यांच्या कायद्याने खासगी धंदा जवळपास मोकळा झाला. छोट्या दुकानदारांचं भलं झालंच, पण संचालकांनाही वाट सापडली. स्वतःच्या किंवा नातलगाच्या नावाने कंपनी काढायची, सरकारी कारखान्याची यंत्रं स्वस्त भाड्याने घ्यायची, फायद्याची कामं तिकडे वळवायची आणि तोटा सरकारच्या माथी मारायचा. समाजशास्त्रज्ञ याद्विगा स्टानिश्किस यांनी याला ‘राजकीय भांडवलशाही’ म्हटलं. खुर्ची जाण्याआधीच तिची किंमत वसूल झाली होती, असं माझं मत.

नवे पंतप्रधान माझोव्येत्स्की यांनी भूतकाळावर ‘जाड रेघ’ ओढली. मागच्यांच्या कारभाराची जबाबदारी आमची नाही, एवढाच त्यांचा अर्थ होता. विरोधकांनी मात्र त्यात सरसकट माफी वाचली. शेजारच्या चेकोस्लोव्हाकियाने १९९१ मध्येच जुन्या पदाधिकाऱ्यांना आणि खबऱ्यांना सरकारी पदांपासून लांब ठेवणारा कायदा केला. पोलंडला १९९७ उजाडलं, आणि तिथला कायदा मुख्यतः गुप्त पोलिसांशी असलेले संबंध जाहीर करायला लावणारा होता.

वॉर्सातल्या पक्षाच्या मुख्यालयात एप्रिल १९९१ मध्ये शेअर बाजार सुरू झाला, पाच कंपन्यांनिशी. पक्ष जानेवारी १९९० मध्येच विसर्जित झाला होता. म्हातारे नेते बाजूला पडले. पुढे आले ते दुसऱ्या फळीतले, टाय नीट बांधणारे तरुण. त्यांच्या आघाडीने १९९३ ची निवडणूक जिंकली. १९९५ मध्ये माजी क्रीडामंत्री क्वाश्निएव्स्की यांनी खुद्द ‘सॉलिडॅरिटी’चे नेते आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वालेसांना हरवलं. पोलंड १९९९ मध्ये नाटोत गेला तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच होते. २००१ मध्ये पंतप्रधान झालेले लेशेक मिलर तर जुन्या पक्षाच्या पॉलिटब्यूरोत, म्हणजे सर्वोच्च मंडळात, बसलेले.