निवृत्तांचा सरकारी आरोग्यविमा आणि बाह्यरुग्ण खर्च (गोवा)

रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च म्हणजे बाह्यरुग्ण किंवा ओपीडी खर्च. तपासणी फी, रक्त-लघवीच्या चाचण्या, एक्स-रे आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, हे सगळे त्यात येते. उतारवयात हा खर्च दर महिन्याला उभा राहतो, आणि ज्या सरकारी योजना विम्याच्या धर्तीवर चालतात त्या नेमका हाच खर्च उचलत नाहीत. मात्र सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी व पेन्शनरांची), ईसीएचएस (माजी सैनिकांची) आणि ईएसआय (कामगार विम्याची) या योजनांचे स्वतःचे दवाखाने आहेत, म्हणून त्या ओपीडी देतात. म्हणून हातात कुठले कार्ड आहे यापेक्षा त्या कार्डामागे दवाखाना आहे की नुसते पॅकेज (रुग्णालयातल्या ठरलेल्या उपचाराची ठरलेली रक्कम), हे आधी पाहावे.

पॅकेजवाल्या योजनांत आयुष्मान भारत (पीएम-जय) सर्वांत मोठी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. त्याचे आयुष्मान वय वंदना कार्ड आधार ई-केवायसीने निघते आणि वय आधारवरचेच धरले जाते. तिथली जन्मतारीख चुकली असेल तर आधी आधार दुरुस्त करावे लागते. ओपीडी या योजनेत नाही. मात्र दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतली औषधे व चाचण्या पॅकेजमध्ये धरलेल्या असतात. डिस्चार्जच्या घाईत ही औषधे मागायची राहून जातात आणि घरचे लोक तीच फार्मसीतून विकत आणतात. नाव घेऊन मागावीत. डायलिसिस आणि केमोथेरपी रुग्ण संध्याकाळी घरी परतला तरी पॅकेजमध्ये बसतात. नुसता सल्ला बसत नाही.

राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना (२०१६) याच वळणाची. गोव्यात किमान ५ वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला तिघांपर्यंत अडीच लाख आणि चौघे किंवा अधिक असल्यास ४ लाख रुपयांचे संरक्षण आहे, तेही ठरलेल्या ४४७ उपचारांपुरते. गोळ्यांचे बिल तिथे चालत नाही. तरी कार्ड जवळ बाळगावे: २०१८ पासून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेतले जाते आणि रहिवासाचा पुरावा म्हणून हे कार्ड चालते. खरे तर पेन्शन नसलेल्या निवृत्ताची ओपीडी म्हणजे गोमेकॉ, म्हापसा व मडगावची जिल्हा रुग्णालये आणि गावचे आरोग्य केंद्र. विम्याचा त्याच्याशी संबंध नाही.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी सीजीएचएस आहे. तिचे वेलनेस सेंटर पणजीत आहे. पेन्शनराला आयुष्यभराचे कार्ड १२० महिन्यांची वर्गणी एकदम भरून घेता येते. वेतनाच्या पातळी ६ वर निवृत्त झालेल्याची वर्गणी महिना ४५० रुपये, म्हणजे एकरकमी ५४,००० रुपये. पातळी ७ ते ११ साठी ६५० रुपयांच्या हिशेबाने ७८,०००. गोळ्या सेंटरमधूनच घ्यायच्या. तिथे नसतील तर सेंटर ठरलेल्या औषधविक्रेत्याकडे मागणी नोंदवते, आणि त्या यायला दिवस जातात. म्हणून पट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी जावे. मधेच बाहेरून घेतलेल्या औषधांचे बिल एरवी परत मिळत नाही. सर्वाधिक वाद याच बिलांवरून होतात. मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयातील तज्ज्ञाला दाखवायचे तर सेंटरचे रेफरल लागते. ७० वर्षांवरील लाभार्थ्यांना २०२४ पासून ते लागत नाही. पण तज्ज्ञाने लिहिलेली औषधे तेही सेंटरवरूनच घेतात.

सेंटरच्या क्षेत्राबाहेर, समजा काणकोण किंवा सत्तरी तालुक्यात, राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनरापुढे दुसरा पर्याय असतो: ओपीडी सोडून महिना १,००० रुपये ठोक वैद्यकीय भत्ता (एफएमए) घ्यायचा आणि दाखल होण्यापुरते सीजीएचएस ठेवायचे. वर्षाचे १२,००० रुपये एका रक्तदाबाच्या गोळीला पुरून उरतात. इन्सुलिन सुरू झाले की हिशेब उलटतो. आणि हा पर्याय आयुष्यात एकदाच बदलता येतो.

माजी सैनिकांना २००३ पासूनच्या ईसीएचएसमधून पॉलिक्लिनिकची (योजनेच्या स्वतःच्या दवाखान्याची) ओपीडी मिळते. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असलेल्या ७० वर्षांवरील पेन्शनराला ती योजना किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडावी लागते. ओपीडीची गरज असेल तर जुनी योजना सोडू नये. ५ लाखांचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात महिन्याची गोळी नाही.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरलेली सोय ईएसआयची. वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत किमान ५ वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ईएसआय दवाखाना आणि मडगावचे ईएसआय रुग्णालय खुले राहते. मुले त्यात येत नाहीत. मालकाच्या दाखल्यावर ‘निवृत्ती’ असा स्पष्ट उल्लेख हवा. ‘राजीनामा’ लिहिलेले असेल तर अर्ज अडतो. पैसे दरवर्षी भरायचे असतात. ईएसआय असूनही वयाच्या सत्तरीनंतर आयुष्मान घेता येते, आणि हा मेळ चांगला बसतो: रोजच्या गोळ्या दवाखान्यातून, मोठी शस्त्रक्रिया कार्डावर.

विमा अजिबात नसलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तीला आयकराच्या जुन्या पद्धतीत ५०,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते. ओपीडीचा खर्चही त्यात धरता येतो. मात्र पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. फार्मसीत यूपीआयने किंवा कार्डाने पैसे द्यावेत आणि बिलावर रुग्णाचे नाव लिहून घ्यावे.